"गौरव प्रभूला" म्हणताना मन कुठे असतं?

आमच्या ख्रिस्ती मंडळीतली एक बहीण दोन महिने अंथरुणाला खिळून होती. आम्ही काही जण आळीपाळीने तिच्याकडे जाऊन प्रार्थना करायचो. ती बरी झाली, उपासनेत साक्ष द्यायला उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यांच्या प्रार्थनेत फार सामर्थ्य आहे." बोट माझ्याकडे होतं. मी मान खाली घालून म्हटलं, "नाही हो, सगळा गौरव प्रभूला."

वाक्य बरोबरच होतं. पण ते म्हणताना आतून मी किती सुखावलो होतो, ते प्रभूला ठाऊक आहे. घरी जाईपर्यंत तिचे ते शब्द मनात घोळवत होतो.

त्या रात्री बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा 3रा अध्याय वाचला. मंदिराच्या 'सुंदर' नावाच्या दरवाजापाशी बसणारा जन्मापासूनचा पांगळा उठतो, चालतो, उड्या मारतो. लोक धावत येतात. ज्याच्या शब्दावर तो उठला तो येशूचा शिष्य पेत्र त्यांना विचारतो, आमच्याकडे असे टक लावून का पाहता? जणू आम्हीच आमच्या सामर्थ्याने किंवा सुभक्तीने ह्याला चालवलं! हा उतारा कितीदा वाचलाय, कितीदा ऐकलाय. दरवेळी 'सामर्थ्य' ह्या शब्दावर थांबायचो. 'सुभक्ती' त्या रात्री पहिल्यांदा टोचली. सामर्थ्य माझं नाही हे मी चटकन कबूल करतो, त्यात माझं काही जात नाही. पण मी उपास धरला, मी पहाटे उठून गुडघे टेकले, म्हणून देवाने ऐकलं, असा एक हिशेब मनात चालूच असतो. पेत्र तो हिशेबही ठेवत नाही. थोड्याच काळापूर्वी, त्याच यरुशलेमेत, त्याने प्रभूला तीनदा नाकारलं होतं. आपल्या भक्तीची किंमत त्याच्याइतकी कोणाला कळली असेल?

आणि लूकच्या शुभवर्तमानातल्या (अध्याय 18) येशूच्या दाखल्यातला तो परूशी, धर्माचे नियम काटेकोर पाळणारा. आपण त्याला गर्विष्ठ म्हणून मोकळे होतो. पण त्याच्या प्रार्थनेची सुरुवात बघा: "हे देवा, मी तुझे आभार मानतो." म्हणजे श्रेय तोही देवालाच देतो! फक्त डोळा दूर उभ्या असलेल्या जकातदाराकडे असतो, ज्याला लोक पापी समजत. आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशांश, सगळं खरंच असेल. मला हा दाखला आता वाचवत नाही, कारण आभाराच्या वाक्यात स्वतःची स्तुती कशी लपवायची हे मला पुरतं जमतं.

मग काय, कोणी चांगलं म्हटलं की "मी काहीच केलं नाही" म्हणायचं? मला ते पटत नाही. करिंथकरांस लिहिताना (पहिलं पत्र, अध्याय 15) प्रेषित पौल सरळ सांगतो की मी इतरांपेक्षा जास्त श्रम केले, आणि लगेच म्हणतो, मी नव्हे, तर माझ्याबरोबर असलेली देवाची कृपा. श्रम नाकारत नाही, मालकी नाकारतो. खोटं बोलून नम्र होता येत नाही.

देवाला श्रेय देताना माणसांचे आभार गिळायचे, हेही मला चुकीचं वाटतं, आणि आपल्यात ते फार चालतं. रोमकरांस पत्राचा 16वा अध्याय नावांची यादी म्हणून आपण उलटून टाकतो. पण त्यात मंडळीची सेविका फिबी आहे, पौलाच्या जिवासाठी ज्यांनी मान धोक्यात घातली ते प्रिस्का आणि अक्विला आहेत, मरिया आहे. आणि त्याच पत्रात, 11व्या अध्यायाच्या शेवटी, सर्वकाळ गौरव देवाचाच, असं पौल लिहून गेलाय. दोन्ही एकाच लेखणीतून.

हे वाचताना मला एक मावशी आठवल्या. त्या बहिणीच्या आजारपणात रात्रीच्या जागरणाला त्याच असायच्या. कूस बदलून द्यायच्या, चादरी धुवायच्या, मोठ्याने प्रार्थना करताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. साक्षीच्या दिवशी मी "गौरव प्रभूला" म्हणून खाली बसलो, पण त्यांचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं, तर लोकांची नजर माझ्यावरून हलली असती.

पुढच्या रविवारी परवानगी घेऊन मी सगळ्यांपुढे हे बोललो. उपासना संपल्यावर मावशींकडे गेलो. त्या मागच्या खुर्च्या एकात एक घालून ठेवत होत्या. काय बोलावं सुचेना, म्हणून मीही खुर्च्या उचलू लागलो. माझ्या बोलण्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. एवढंच विचारलं, "तिला आता रात्रीची झोप लागते का रे?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.