नाकदुरुस्ती

सर्दी झालेल्या माणसाला कोणी आजारी समजत नाही, आणि माझी सर्दी तर हंगामी नसून कायम नोकरीतली होती. नाक चोंदणे, चेहरा जड होणे, घशात कफ उतरणे आणि वास न येणे ही लक्षणे 12 आठवड्यांहून अधिक टिकली, तर सायनसचा, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांमधल्या पोकळ्यांचा, दाह जुनाट मानतात. ही अट मी केव्हाच पार केली होती. वास येत नसल्याचा लाभ घरच्यांनी घेतला. कपाटामागे मेलेला उंदीर काढण्याचे काम एकमताने माझ्याकडे आले.

अखेर डॉक्टरांनी जेमतेम 4 मिलिमीटर जाडीची दुर्बीण नाकात सरकवली आणि पडद्यावर सोललेल्या द्राक्षासारखे काहीतरी फिकट, ओले, चकचकीत दिसू लागले. "छान पॉलिप आहेत," असे ते म्हणाले. नाकात मांस वाढते असे आपण सर्रास म्हणतो. प्रत्यक्षात दाहामुळे सुजलेले आतले अस्तरच लोंबू लागलेले असते. स्टिरॉइडचा फवारा आणि गोळ्यांचा छोटा कोर्स यांना माझे पॉलिप पुरून उरले, तेव्हा सीटी स्कॅन झाला. हवेने भरलेले निरोगी सायनस त्यात काळे दिसतात. माझे सगळे करडे होते. सायनस आणि डोळा यांच्यामध्ये कागदाइतके पातळ हाड असते, ही माहिती मला नेमकी शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करताना मिळाली.

या शस्त्रक्रियेमागचा विचार मात्र मला फार आवडला. सायनसच्या अस्तरावरील सूक्ष्म केस कफाला सतत नैसर्गिक छिद्राकडेच ढकलतात आणि दुसरीकडे नवे भोक पाडून दिले तरी त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, हे ऑस्ट्रियातील ग्राझ येथील कान-नाक-घसातज्ज्ञ मेसरक्लिंगर यांनी दाखवून दिले. म्हणून आता पॉलिप काढून मूळचीच वाट मोकळी करतात. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेबद्दल मला सांगण्यासारखे काही नाही, कारण मी पूर्ण भुलीखाली होतो आणि कित्येक वर्षांत तितका गाढ झोपलो नव्हतो.

खरी परीक्षा नंतर सुरू झाली. नाक शिंकरायचे नाही, वाकायचे नाही, ओझे उचलायचे नाही आणि शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून द्यायची, असे नियम होते. उघड्या तोंडाने दिलेली शिंक समोरच्याला कशी वाटते, याचा विचार नियम करणाऱ्यांनी केलेला नसावा. त्यावर रोज उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-सोड्याची पुडी विरघळवून नाक धुवायचे. बेसिनवर ओणवे होऊन एका नाकपुडीत पिचकारी मारली की पाणी दुसरीतून बाहेर पडते. निदान बरेचसे पडते. उरलेले आत कुठेतरी दबा धरून बसते आणि बऱ्याच वेळाने, वरिष्ठांसमोर कागदावर सही करण्यासाठी मान खाली घातली की कोणतीही पूर्वसूचना न देता त्याच कागदावर येते. शाई फुटते ती वेगळीच.

तपासणीच्या वेळी आतल्या खपल्या काढताना डॉक्टरांनी समजावले की पॉलिप पुन्हा येऊ शकतात, कारण दाहाची प्रवृत्ती कात्रीने कापता येत नाही. शस्त्रक्रियेचा एक मोठा फायदा म्हणजे औषध आता आतपर्यंत पोहोचेल. मग त्यांनी तोच जुना फवारा माझ्या हाती दिला आणि उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, नाकाच्या मधल्या पडद्यापासून बाटलीचे तोंड फिरवून कसा मारायचा, हे करून दाखवले.

"किती दिवस घ्यायचा?" मी विचारले.

"बंद करायचा, असं कोण म्हणालं?" ते म्हणाले आणि पुढच्या बाटलीची चिठ्ठी लिहू लागले.