जिना किती उभा आहे हे आधी सांगायला काय झालं होतं?

आज लिहितेच. सुट्टीवरून परत येऊन आठवडा झाला तरी डोकं शांत होत नाहीये आणि कालच्या मेलने तर पारच भडकलंय.

आईबाबा नाशिकहून इथे इंग्लंडला आलेत. आईचे दोन्ही गुडघे बदललेले, बाबा 74 चे. म्हटलं मे हाफ टर्मला, म्हणजे शाळेच्या आठवडाभराच्या सुट्टीत, सगळे मिळून लेक डिस्ट्रिक्टला, त्या तळ्या-डोंगरांच्या भागात जाऊ, हॉटेलात खोल्या घेण्यापेक्षा कॉटेज बघू, स्वतःचं किचन असलं की दोघांच्या जेवणाचं टेन्शन नाही. जानेवारीत बुक केलं. आणि बुक करायच्या आधी मी मालकांना स्पष्ट विचारलं होतं, की आईच्या गुडघ्यांची ऑपरेशन्स झालीत, जिना कसा आहे, बाथरूम वर आहे की खाली. उत्तर आलं, जिना जुन्या पद्धतीचा आहे पण आमच्याकडे वयस्कर पाहुणे नेहमी येतात, कुणाची काही तक्रार नाही. बाथरूमबद्दल अक्षर नाही. मी विश्वास ठेवला.

भाडं ऐका. हाफ टर्मचा आठवडा 1,340 पौंड, आणि त्याच्या पुढचाच आठवडा, तेच घर, त्याच गाद्या, 720. शाळा बुडवून जायचं म्हटलं तर पूर्ण आठवड्याच्या गैरहजेरीला प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे 80 पौंड दंड, तोही 21 दिवसांत भरला तर, नाहीतर 160. दोन मुलं, आम्ही दोघं, म्हणजे 320. तरी स्वस्तच पडलं असतं, आणि इथे कितीतरी कुटुंबं हाच हिशोब करून दंड भरून जातात, पण मला मुलांची शाळा बुडवायची नव्हती म्हणून जवळजवळ दुप्पट भरले. त्यात शेवटच्या पानावर, कार्डचा नंबर टाकून झाल्यावर, 49 पौंड बुकिंग फी आणि 85 पौंड क्लीनिंग उगवले. 6 एप्रिल 2025 पासून इथे कायदा आहे की जी फी टाळताच येत नाही ती पहिल्या दाखवलेल्या किमतीतच धरायची, आम्ही बुक केलं तेव्हा त्याला नऊ महिने झाले होते, तरी हे चालूच. आणि बुकिंगनंतर मन बदललं तर? ऑनलाइन मिक्सर घेतला तर 14 दिवसांत परत करता येतो, पण ठरावीक तारखांच्या राहायच्या बुकिंगला तो हक्कच नाही, 2013 च्या नियमांतच तशी सूट दिलीय. म्हणजे पैसे आधी पूर्ण, आणि घर कसं आहे ते दार उघडल्यावर कळणार.

दार उघडणं हेही एक प्रकरणच झालं. मिल्टन कीन्सहून सकाळी निघालो, एम सिक्स मोटरवेवर शनिवारची तुफान गर्दी, जंक्शन 36 ला बाहेर पडेपर्यंत तीन वाजले, अँबलसाइडच्या पुढे एका दरीत घर, शेवटचे दोन मैल एकच गाडी जाईल एवढा रस्ता आणि दोन्ही बाजूंना दगडी भिंती. पोचलो तर किल्ली भिंतीवरच्या नंबरवाल्या पेटीत, पेटीचा नंबर त्या दिवशी दुपारी पाठवलेल्या मेलमध्ये, आणि दरीत मोबाइलला रेंज शून्य. वायफाय होतं, पण ते घरात! नवरा गाडी वळवून रेंज शोधायला परत गेला, वाटेत समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा पार मागच्या पासिंग प्लेसपर्यंत, म्हणजे बाजूला होता येईल अशा रुंद जागेपर्यंत, रिव्हर्स, आणि तेवढा वेळ आई पावसात दारातल्या दगडावर बसलेली.

मग जिना दिसला.

खरं सांगते, आजोळी माळ्यावर चढायची शिडी होती ती परवडली. बसायच्या खोलीत एक लाकडी दार, मला वाटलं कपाट आहे, उघडलं तर आत सरळ वर गेलेला जिना, मध्येच वळलेला, वळणावर पायऱ्या त्रिकोणी, एका बाजूला नुसती भिंत आणि दुसऱ्या बाजूला कठड्याच्या जागी लोखंडी कड्यांतून ओवलेला जाड दोर. धरला की हलतो. लेकाच्या कंपासपेटीतली 15 सेंटीमीटरची पट्टी आणून पायरीवर ठेवली, पाय टेकायला बरोब्बर तेवढीच जागा, आणि हे सरळ पायऱ्यांचं, वळणावरच्या आतल्या बाजूला तर बोटंही टेकत नाहीत. इथल्या नवीन घरांना नियम आहे की पायरीवर पाय टेकायची जागा कमीत कमी 22 सेंटीमीटर हवी, जुन्या घराला तो लागू होत नाही. सगळ्या बेडरूम वर. आणि एकुलतं एक बाथरूम खाली, किचनच्या मागे, दोन पायऱ्या उतरून.

साइटवर वीस फोटो होते. शेकोटीचे चार, खिडकीतल्या फुलदाणीचे दोन, दाराबाहेरच्या मेंढ्यांचा एक. जिन्याचा एकही नाही.

पहिल्या रात्री दोनला मला आवाज आला म्हणून बाहेर आले, तर आई अंधारात, गाऊन गुडघ्यापर्यंत गोळा करून, एका हाताने तो दोर धरून, एकेका पायरीवर बसत बसत खाली सरकत होती. कुणाला उठवायचं नाही म्हणून दिवापण लावला नव्हता. मला म्हणते, ‘अगं तू कशाला उठलीस, झोप जा, जमतंय मला.’ मी तिथेच रडायच्या बेतात होते. दुसऱ्या दिवसापासून दोघांना खाली सोफाबेडवर झोपवलं, ज्याच्या बरोबर मधोमध लोखंडी दांडा कंबरेला लागतो. ‘सहा जणांची सोय’ म्हणतात ती या सोफ्याला धरून!

सकाळी मालकांना मेल केला. उत्तर काय, तर घर ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे जुनी वास्तू म्हणून कायद्याने जपलेलं आहे, जिना आम्हाला बदलता येत नाही. अहो, बदला म्हणतंय कोण? तुमचं दोन-तीनशे वर्षांचं घर आहे, त्याला हात लावू नका, खुशाल जपा, मलाही ते आवडलं म्हणूनच घेतलं होतं. पण मी विचारलं तेव्हा सांगा ना! एक फोटो टाका, बाथरूम खाली आहे असं एक वाक्य लिहा. ‘जुन्या काळाचा बाज’ वगैरे लिहायला जागा आहे, आणि ज्यावरून माणूस पडेल त्याबद्दल लिहायला जागा नाही? ज्या माहितीवर गिऱ्हाईक निर्णय घेणार ती दडवणं हेही इथल्या कायद्यात बसत नाही, हे मी आता वाचून काढलंय. दुसरीकडे जायचं म्हटलं तर हाफ टर्म, सगळं फुल, आणि इथले पैसे गेले ते गेलेच.

थंडीचं वेगळंच. मे संपत आला तरी तिथे रात्री पाच-सहा डिग्री, आणि हीटिंगचं टायमर मालकांच्या फोनवर, सकाळी दोन तास, संध्याकाळी चार तास, आम्हाला हात लावता येत नाही. लाकडांची एकच टोपली, पुढची पोती विकत. बाबा माकडटोपी घालून जेवायला बसायचे. एका शब्दाने बोलले नाहीत, उलट ‘छान आहे हो जागा, हवा चांगली आहे’ असंच म्हणत राहिले, कारण त्यांना माहीत होतं मी किती पैसे भरलेत.

निघायचं सकाळी दहाला, त्याआधी भिंतीवरच्या यादीप्रमाणे सगळ्या चादरी काढून जिन्याखाली ठेवा, कचरा तीन डब्यांत वेगळा करा, शेकोटीतली राख काढा, ओव्हन पुसा. मग 85 पौंड क्लीनिंगचे कशाचे घेतले? आईने पहाटे उठून ओट्याची टाइल न् टाइल लिंबाने घासली, बाबांनी घड्या घातल्या.

आणि काल मेल आला. 150 पौंड डिपॉझिटमधून 75 कापलेत. कारण, घरात ‘स्वयंपाकाचा वास’ राहिला आणि ओट्यावर पिवळा डाग. आठवडाभरात आम्ही केलं काय, तर वरणभात, दोनदा पिठलं, खिचडी. तेही खिडक्या सताड उघड्या टाकून, कारण चिमणीला बाहेर जायला पाइपच नाही, वास गाळून परत घरातच सोडते. मागच्या पाहुण्यांच्या तळलेल्या बेकनचा वास आम्हाला पहिले दोन दिवस येत होता, त्यांचे कापले का? किचन आहे म्हणून भाडं घ्यायचं आणि त्यात फोडणी दिली की दंड? आईला हे मी सांगितलेलं नाही, ती मनाला लावून घेईल, तिने तो ओटा स्वतःच्या हाताने घासलाय.

उत्तर रात्री लिहिलं. 75 पौंड परत मागितलेत, 49 आणि 85 चा हिशोब मागितलाय, त्यांचा जानेवारीतला मेसेज खाली चिकटवलाय. आणि एक फोटो जोडलाय, निघायच्या दिवशी काढलेला. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आईची सपाता ठेवलीय, टाच मागे भिडवून, आणि पुढची अर्धी सपाता हवेत आहे.