लेन्सने औषध शोषलं, म्हणजे डोस मिळाला असं नाही

एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: डोळ्यात टाकलेल्या थेंबातलं ९५ टक्के औषध वाया जातं, म्हणून सॉफ्ट लेन्स रात्रभर आयड्रॉपमध्ये भिजवून सकाळी घाला, दिवसभर औषध सावकाश झिरपेल. डॉक्टरही हेच करतात आणि परदेशात याला मान्यताही मिळालीय.

पहिलं वाक्य जवळपास खरं आहे, आणि त्याच्या जोरावरच बाकीचं खपतं. बाटलीतून पडणारा थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा, तर डोळ्यावरचं अश्रूंचं पाणी जेमतेम ७. जास्तीचं गालावर ओघळतं, नाहीतर नाकाकडच्या नळीतून घशात उतरतं. थेंब टाकल्यावर थोड्या वेळाने तोंड कडू होतं ते त्यामुळेच. डोळ्याच्या आत पोचतं ते सहसा ५ टक्क्यांहूनही कमी. पण औषधाचं प्रमाण ठरवताना ही गळती हिशेबात धरलेली असते. तुमचा डोस त्या ५ टक्क्यांतच बसवलेला आहे.

‘दिवसभर झिरपेल’ हे मात्र साफ चूक. सॉफ्ट लेन्स औषध पिते, यात वाद नाही. तपासणीत डॉक्टर फ्लुरेसीनचा पिवळा रंग डोळ्यात घालतात. त्यानंतर मी एकदा घाईने लेन्स घातली आणि रात्री काढली तेव्हा ती हिरवट-पिवळी झालेली होती. पिणं सोपं आहे, मापात सोडणं अवघड. पाण्यात विरघळणारं औषध साध्या लेन्समध्ये जितक्या सहज शिरतं तितक्याच सहज बाहेर पडतं. बरंचसं पहिल्या काही तासांतच निघून जातं, म्हणजे सुरुवातीला भडिमार आणि नंतर ठणठणाट. शिवाय आत नेमकं किती शिरलं हे औषधागणिक आणि लेन्सगणिक बदलतं. संशोधकांची खरी झटापट याच गोष्टीशी चालली आहे. कुणी लेन्समध्ये व्हिटॅमिन ईचे अडथळे घालतं, कुणी औषधाच्या रेणूच्या मापाचे साचे लेन्सच्या जाळ्यात तयार करतं, कुणी औषध भरलेला पातळ थर लेन्सच्या आत बसवतं. या शेवटच्या पद्धतीने काचबिंदूवरचं लॅटानोप्रोस्ट देऊन माकडांमध्ये डोळ्यांचा दाब उतरवल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. वाटीत लेन्स बुडवून हे साधत नाही.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट जास्त काळजीची आहे. बऱ्याच आयड्रॉपमध्ये बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह असतं. लेन्स तेही शोषते आणि तासन् तास बुबुळाला लावून ठेवते. अशा थेंबांच्या सूचनापत्रकात लेन्स काढून थेंब टाका आणि किमान १५ मिनिटांनी परत घाला, असं लिहिलेलं असतं ते उगाच नाही. त्यात आयड्रॉप म्हणजे लेन्सचं सोल्युशन नव्हे. प्रिझर्व्हेटिव्ह बाटली खराब होऊ नये म्हणून असतं, लेन्सवरचे जंतू मारायला नाही. वाटीत ठेवलेल्या लेन्सवर स्युडोमोनास किंवा अकँथअमीबासारखे जंतू वाढले, तर बुबुळावर जखम होऊन नजर जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते. औषध स्टेरॉइडचं असेल तर विचारूच नका. डोळ्यातला दाब वाढणं, मोतीबिंदू हे धोके आहेतच, वर जंतुसंसर्गाला मोकळं रान.

‘डॉक्टरही करतात’ म्हणजे बँडेज लेन्स. बुबुळाला ओरखडा गेल्यावर किंवा काही शस्त्रक्रियांनंतर डॉक्टर ती बसवतात. तिचं मुख्य काम जखमेला पापणी घासू न देण्याचं. वरून कोणते थेंब टाकायचे हे तेच ठरवतात आणि थोड्या दिवसांत डोळा पुन्हा तपासतात.

आता मान्यता. मार्च २०२२ मध्ये औषधांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने ॲक्युव्ह्यू थेराव्हिजन या लेन्सला मान्यता दिली, हे खरं. पण त्यात दर लेन्समध्ये १९ मायक्रोग्रॅम केटोटिफेन हे ॲलर्जीवरचं औषध कारखान्यातच भरलेलं असतं आणि लेन्स रोज नवी. उपयोग ॲलर्जीची खाज रोखण्यापुरता, तोही डोळे लाल नसलेल्यांना. काचबिंदूसाठी नाही, संसर्गासाठी नाही आणि घरी भिजवलेल्या लेन्ससाठी तर नाहीच.

थेंब वाया जातो ही तक्रार खरी असेल, तर त्यावर लेन्स न लावणाऱ्यालाही जमणारा उपाय आहे. एकच थेंब टाका, डोळा हलकेच मिटा आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट एक-दोन मिनिटं दाबून धरा. त्याने घशाकडची वाट बंद होते. दुसरं औषध टाकायचं असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो.