अडकवून ठेवलेली मजुरी

ठाण्यात मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये मी लहानपणापासून रविवारच्या मिस्साला, म्हणजे सामूहिक उपासनेला, जाते. कम्युनियनपूर्वी, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी, शांतीचिन्ह देताना आजूबाजूच्या बाकांवरच्या, बहुतेक अनोळखी, माणसांना आपण हात जोडतो. ईस्टरआधीच्या गेल्या उपवासकाळात असे हात जोडले असताना आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका डोळ्यांसमोर आले आणि मला कम्युनियनसाठी पुढे जाववेना.

मी सोसायटीची खजिनदार आहे. उन्हाळ्यात एका रात्री पाण्याच्या पंपाची मोटार जळाली, तेव्हा काकांचे लक्ष नव्हते असे गृहीत धरून मी त्यांचा दोन दिवसांचा पगार कापला आणि हजेरीपटावर ‘निष्काळजीपणाबद्दल’ असा शेराही लिहिला. काही महिन्यांनी नवी मोटारही तापू लागली, तेव्हा तळटाकीतला फ्लोट स्विच अडकून बसतो, त्यामुळे टाकीतले पाणी संपले तरी पंप कोरडाच चालू राहतो, हे इलेक्ट्रिशियनने झाकण उघडून दाखवले. स्विच बदलला गेला. काकांचा विषय कोणी काढला नाही, मीही नाही. पुढे कबुलीजबाबाच्या वेळी मी ते फादरांना सांगितले आणि माझे मन हलके झाले; काकांचे पैसे मात्र सोसायटीच्या खात्यातच राहिले.

ख्रिस्ती वागणूक म्हटली की व्यसन नसावे, तोंडात शिवी नसावी, रविवार चुकवू नये, एवढेच आपण मुलांना शिकवतो. ते योग्यच आहे, पण ज्याचे पोट आपल्या सहीवर अवलंबून आहे त्याच्याशी आपण कसे वागतो, हे त्यात क्वचितच येते. वेदीजवळ अर्पण आणल्यावर आपल्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे (मत्तय ५:२३-२४). नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोब तर श्रीमंतांना बजावतो की कापणी करणाऱ्या मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती हाक देवाच्या कानी पोहोचते (५:४). हे वचन मी अनेकदा वाचले होते, आणि दर वेळी त्यातले श्रीमंत कोणीतरी दुसरेच आहेत असे समजून पुढे गेले होते.

प्रभूला पाहण्यासाठी उंबरावर चढलेला आणि कोणाला लुबाडले असेल तर चौपट परत देईन असे म्हणणारा जकातदार जक्कय मला आता अधिक जवळचा वाटतो. लुबाडलेले कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, एवढेच मोशेचे नियमशास्त्र मागत होते. चौपट भरपाई ही मेंढरू चोरून ते कापणाऱ्यासाठी होती. जक्कयने आपणहून चौपट देऊ केले, म्हणजे त्याने स्वतःला चोराच्या जागी उभे केले.

मी आठ दिवसांच्या पगाराएवढी रक्कम स्वतःच्या पैशांतून पाकिटात घातली आणि गेटवर जाऊन काकांची माफी मागितली. त्यांनी नोटा मोजल्या, दोन दिवसांचे ठेवून घेतले आणि उरलेल्या माझ्या हातात परत दिल्या. मग म्हणाले, “ताई, तेवढा तो शेरा काढता का? उद्या दुसरीकडे कामाला गेलो आणि त्यांनी इथे विचारलं, तर तेच वाचून दाखवतील.”

शेरा मी त्यांच्यासमोरच खोडून सही केली. पुढच्या कमिटी बैठकीत चूक माझी होती, हे माझ्या नावासह इतिवृत्तात नोंदवून घेतले.