शेंगा त्यांनी खाल्ल्या

शाळेत टिळकांची गोष्ट शिकलो होतो, तरी परवा अक्कलकोट रोडच्या एका गॅरेजात चिमटा घेऊन टरफलं मीच उचलत होतो. तीही डिझेल इंजिनाच्या पोटातून.

जीप जुनी एमएम 540. इंजिन प्यूजोचं, 2112 सीसी. मागे ट्रेलर लावला की तुळजापूरच्या घाटात रडते, आणि ओढ्यातली काळी माती चिकटली की सपाटीवरही. म्हणून महिंद्राचंच 2523 सीसीचं डीआय टर्बो इंजिन बघायला गेलो. स्कॉर्पिओच्या सीआरडीई इंजिनाचा मोह झाला होता, पण त्याच्याबरोबर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सगळं वायरिंग आणि चावीतला चोरी रोखणारा इमोबिलायझरसुद्धा आणावा लागतो. शिवाय तेवढा जोर जुन्या गिअरबॉक्सला सोसत नाही. ओढायला घोडे कमी चालतील, खालच्या फेऱ्यांवर टॉर्क, म्हणजे ओढीचा जोर, हवा. आणि माळावर बंद पडलं तर लॅपटॉप नको, पाना पुरला पाहिजे.

इंजिन जमिनीवर होतं. त्यावर एक काका बसले होते, शेंगा खात. पंक्चर काढून घ्यायला आलेले.

"काका, जरा उठता का?"

"बसतो की, तुम्ही बघा. कशाला बदललालाव इंजिन?"

"ताकद कमी पडते."

"ॲव्हरेज किती देतंय?"

"काका, ट्रेलर ओढताना ॲव्हरेज कुणी..."

"म्हंजे देत न्हाई." त्यांनी शेंग फोडली. टरफल मॅनिफोल्ड काढलेल्या उघड्या भोकात.

"अहो, ते पोर्ट आहे!"

"दिसलालंय की. फुंकलं की जातंय." फुंकलं. गेलं. आत.

व्हॉल्व्हच्या सीटवर कचरा अडकला की कॉम्प्रेशन गळतं, हे मी सांगत होतो. तोवर दुसरी शेंग फुटली. यांना बोलून उपयोग नाही म्हणून मिस्त्रीकडे वळलो. इंजिन गिअरबॉक्सला जोडणाऱ्या बेल हाउसिंगची भोकं जुळली नाहीत तर मधे प्लेट लागेल, आणि ती पाव मिलिमीटर जरी तिरकी बसली तरी गिअरबॉक्सची पुढची बेअरिंग जाईल. पाटे पूर्ण दबल्यावर पुढचा ॲक्सल इंजिनाखालच्या ऑइल चेंबरला लागतो का, ते इंजिनाचं फाउंडेशन वेल्ड करण्याआधी बघायचं. रेडिएटर मोठा, पंख्याला कव्हर, कारण सोलापूरच्या मेमध्ये पहिल्या गिअरात रांगताना वारा लागतच नाही. शिवाय आरटीओ. आरसीवर इंजिन नंबर असतो, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. परवानगी आधी, वेल्डिंग नंतर. इतकं मन लावून मी बायकोशीही बोलत नाही.

मिस्त्री माझ्याकडे बघतच नव्हता.

"का बे," काका त्याला म्हणाले, "टायर केवढं घातलंय ह्यांनी? शेळीला हत्तीचे पाय!"

मिस्त्री हसला. पोरगा हसला. तिथं मला लागलं, कारण मुद्दा बरोबर होता. 28 इंची टायरच्या जागी 31 इंची घातले की गिअरिंग सुमारे 10 टक्क्यांनी सैल पडतं, म्हणजे चाकाची ओढ तेवढी घटते; ॲक्सलमधली दातेरी जोडी, 4.88 ची क्राऊन-पिनियन, 4.4 सारखी वागते. 39 आणि 8 दात्यांच्या जागी 43 आणि 8 ची, म्हणजे 5.38 ची टाकली, की हिशेब परत 4.86 वर येतो. फक्त पुढची-मागची दोन्ही बदलायची. एकच बदलली आणि कोरड्या रस्त्यावर फोर व्हील लावलं, तर पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचा बळी. आठ महिने मी इंजिनांचे तक्ते चाळत होतो, आणि हे बघायला पंक्चरसाठी आलेल्या माणसाला दोन शेंगा पुरल्या.

पंक्चर निघालं. काका उठले, माझ्या हातात मूठभर शेंगा ठेवल्या आणि गेले.

टरफलं काढून झाल्यावर त्या खाल्ल्या. त्यांची टरफलं खिशात घातली.