कूलंट की बोअरचं पाणी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला? उष्णता वाहून न्यायला पाणीच सरस. वडिलांचा ट्रॅक्टर वीस वर्षं विहिरीच्या पाण्यावर चालला. आणि गाडीच्या रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी नको, कूलंट घाला असं सांगणारा माझा लेख म्हणजे कंपन्यांची फुकट जाहिरात. शेवटचा आरोप मला लागला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिले दोन मुद्दे मला मान्य आहेत. पुण्या-सोलापुरात इंजिनातलं पाणी गोठणार नाही. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला 4.18 किलोजूल लागतात. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉलच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणाला, म्हणजे नेहमीच्या कूलंटला, साडेतीनच्या आसपास. कित्येक रेस ट्रॅकवर तर ग्लायकॉलला बंदी असते, कारण ते सांडलं की ट्रॅक निसरडा होतो. तिथल्या गाड्या पाण्यावरच पळतात. पण ते डिस्टिल्ड पाणी, त्यात कूलंटमध्ये असतं तसं गंज रोखणारं रसायन घातलेलं. आपण बोलतोय ते बोअरच्या पाण्याबद्दल.

आपल्याकडे प्रश्न थंडीचा नाही, धातूचा आहे. जुन्या ट्रॅक्टरचा ब्लॉक (इंजिनाचं मुख्य धड) बिडाचा, हेड (त्यावरचं झाकण) बिडाचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि पाण्याच्या वाटा ऐसपैस. थोडा गंज धरला तरी ते इंजिन सोसायचं. आजच्या कारचं हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटरही ॲल्युमिनियमचा आणि त्याच्या नळ्या चपट्या, अरुंद. क्षारांच्या पाण्यात ॲल्युमिनियम आणि लोखंड एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजत जातं. शिवाय जड पाणी तापलं की आतून कॅल्शियमचा थर धरतो, गीझरच्या कॉइलवर दिसतो तोच. थरामुळे धातूची उष्णता पाण्यापर्यंत धड पोचतच नाही. मग पाणी कितीही गुणाचं असून उपयोग काय?

ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल डमी, म्हणजे भोकं बंद करणारी झाकणं, ठोकलेल्या असतात. वर्षानुवर्षं साध्या पाण्यावर चाललेल्या इंजिनाची डमी मेकॅनिकला काढून दाखवायला सांगा. बाहेरून रंग शाबूत, आतून गंजाचे पापुद्रे आणि कडेला सुईच्या टोकाएवढं भोक. त्यातून झिरपणारं पाणी गरम ब्लॉकवरच सुकतं, खाली डबकं दिसत नाही. खंबाटकीच्या चढावर तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकतो तेव्हा कळतं. तोवर हेड वाकलं तर फेसिंग (हेड घासून सपाट करणं), गॅस्केट, मजुरी... त्या बिलात कूलंटचे किती कॅन येतील याचा हिशेब तुम्हीच करा.

उकळण्याचंही तसंच. साधारण 1 बार दाब धरणाऱ्या रेडिएटर कॅपखाली पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं, निम्मं-निम्मं मिश्रण 129 च्या आसपास. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवती हेड सगळ्यात जास्त तापतं. तिथे वाफेचा फुगा धरला की त्या जागेची उष्णता अडून राहते. त्या आठ-नऊ अंशांची किंमत मोठी आहे. आणि कॅपचं रबर गेलं असेल तर महाबळेश्वरच्या उंचीवर साधं पाणी 95-96 अंशांनाच उकळायला लागतं!

तुमचा राग एका बाबतीत मात्र रास्त आहे. बाजारात हिरवं पाणी कूलंट म्हणून खपवलं जातं. रंगावर जाऊ नका. गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिलाय तोच कॅनवर आहे का ते वाचा. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड पाण्यात मिसळा. नुसतं कॉन्सन्ट्रेट ओतणंही चुकीचंच, ते उष्णता कमी वाहतं. जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ग्लायकॉल चवीला गोड आणि जहाल विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. हे मी प्रत्येक लेखात लिहितो, पुढेही लिहीन.

घाटात अडकलात आणि हाताशी फक्त बाटलीतलं पाणी असेल तर इंजिन पूर्ण निवल्यावर बेलाशक ओता, घरी आल्यावर सगळं बदला. तुमच्या गाडीसाठी एवढं करा : सकाळी, इंजिन थंडगार असताना कॅप उघडा आणि आतल्या कडेवरून बोट फिरवा. बोटाला तांबडा गाळ लागला, तर आधी डिस्टिल्ड पाण्याने फ्लशिंग करून घ्या. त्या गाळावर नवं कूलंट ओतलं तर तेही लवकर खराब होईल.