तीन, दोन, एक आणि उत्तेजनार्थ

आमचा संघ हरला की माझा रविवार सुखात जातो. फोन वाजत नाही. शेजारचा सुतार कुंपणापलीकडून नुसती मान हलवतो आणि आत जातो. कोण बरा खेळला याची चर्चा करायची कोणालाच इच्छा नसते. ‘सगळे सारखेच’ एवढं एक वाक्य ग्रुपवर पडतं आणि विषय मिटतो. जिंकलो, की मात्र माझ्या कपाळी हिशेब येतो.

संघ म्हणजे वेस्टर्न बुलडॉग्ज. मेलबर्नच्या पश्चिम भागाचा, मूळचा फुटस्क्रेचा. खेळ म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, ज्याला इथे लहानथोर सगळे ‘फूटी’ म्हणतात. पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्रिकेटच्या मैदानावर एकेका बाजूचे अठरा जण आणि एक लांबट चेंडू. तो लाथेनं उडवायचा किंवा मुठीनं टोलवायचा, फेकायचा मात्र नाही. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांमधून चेंडू मारला तर सहा गुण. नेम हुकून बाजूच्या फटीतून गेला तर एक. होय, हुकल्याबद्दल एक! ज्याचं सांगलीतलं अख्खं बालपण वक्तृत्व स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस घेण्यात गेलं, त्याला एखादा खेळ आवडायला आणखी काय हवं?

अडचण एवढीच, की ही उत्तेजनार्थाची सोय खेळात आहे, खेळाडूंना मतं देण्यात नाही.

इथली रीत अशी, की सामना संपला की सर्वोत्तम तिघांना अनुक्रमे तीन, दोन, एक अशी मतं द्यायची. लीगमधल्या वर्षभरातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक १९२४ पासून दिलं जातं आणि त्याचा निकाल याच हिशेबानं लागतो. मैदानातले चार पंच सामन्यानंतर एकत्र बसून तीन नावं ठरवतात. ती मतं मोहोरबंद राहतात आणि अंतिम सामन्याच्या आठवड्यात, सोमवारी रात्री, सुटाबुटातल्या आणि झगमगीत गाउनमधल्या मंडळींसमोर फेरीमागून फेरी वाचली जातात. शिवाय दोन्ही संघांचे प्रशिक्षक आपापली पाच ते एक मतं देतात ती वेगळीच. सगळा देश गुणपत्रिका भरत असताना चाहते हात बांधून बसतील, हे शक्यच नाही. ऑफिसात, पबमध्ये, आपल्या पोरांना सरावाला सोडायला आलेल्या आईबापांत, सगळीकडे सोमवारपर्यंत हेच चालतं.

आमच्या गल्लीतल्या चार-पाच घरांचाही असा एक गट आहे. त्याची वही माझ्याकडे कशी आली, तर मी तेव्हा मराठी मंडळाचा खजिनदार होतो. ज्याला गणपतीची वर्गणी गोळा करता येते त्याला मतं गोळा करणं काय अवघड, असा सुताराचा युक्तिवाद होता. वर्गणीत पावती फाडली की संबंध संपतो, हे त्याला कोण सांगणार? मतांत तसं नसतं. मत दिलेला माणूस मंगळवारपर्यंत फोन करून ते बदलत असतो.

सुताराचं मत शेवटचा भोंगा वाजता वाजताच येतं. त्याचा नियम सोपा आहे. शेवटच्या पाच मिनिटांत जो दिसला तो सर्वोत्तम. त्याआधीचे सुमारे दोन तास त्याच्या हिशेबी नांदीच. त्याच्या बरोबर उलट माझा ऑफिसातला तेलुगू मित्र. तो सामना बघतो की नाही याची मला शंकाच आहे, पण आकडे बघतो. किती वेळा चेंडू खेळवला, किती टॅकल, किती मीटर पुढे नेला, सगळं त्याच्या जिभेवर. रविवारी दुपारी त्याचा मोठा थोरला तक्ता येतो आणि त्यात पहिल्या तिघांमध्ये हमखास असा एक जण असतो, जो मैदानावर होता हेच बाकीच्यांना आठवत नाही. मग सुतार विचारतो, “हा खेळला?” मित्र म्हणतो, “एकतीस वेळा.”

कोपऱ्यावरच्या घरात एक निवृत्त नर्स राहतात. मी त्यांना सिस्टर म्हणतो. फुटस्क्रेत जन्मलेल्या, १९५४ चा अंतिम सामना वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेल्या. त्यांची मतं घराणं बघून जातात. इथे एक नियमच आहे, की वडील एखाद्या क्लबसाठी शंभर सामने खेळले असतील तर मुलाला त्याच क्लबात घेताना प्राधान्य मिळतं. त्यामुळे टॉम लिबरटोरेला मत देताना सिस्टरांच्या डोळ्यांसमोर त्याचे वडील टोनी असतात, ज्यांनी १९९० चं ब्राउनलो पदक मिळवलं. सॅम डार्सीच्या बाबतीत तर त्या वडिलांवरही थांबत नाहीत, थेट आजोबांवर जातात. “उडी अगदी आजोबांसारखी,” म्हणतात आणि दोन मतं टाकतात. उडी फसलेली असली तरी टाकतात. आपल्याकडच्या घराणेशाहीवर तावातावानं बोलणारा मी, ही मतं निमूटपणे वहीत चढवतो.

खरी डोकेदुखी मात्र घरातच आहे. बायको फक्त बचावफळीला मतं देते. एकदा संघ दणदणीत जिंकला होता, पुढच्या फळीतल्या पोरांनी गोलांची लयलूट केली होती, आणि हिनं तीनच्या तीन मतं एका बॅकला दिली. मी म्हटलं, “अगं, त्याच्याकडे चेंडू आला तरी कितीदा?”

“त्याच्याकडे नाही आला, पण तो ज्याला धरून होता त्याच्याकडे तरी आला का?”

यावर उत्तर नाही. जे घडलंच नाही त्याचे गुण कसे मोजायचे? पंचांनाही ते फारसं जमत नसावं, कारण ब्राउनलोचे अलीकडचे बहुतेक विजेते मधल्या फळीतले आहेत, जिथे चेंडू सतत हातात येतो. बायकोच्या मते हे स्वाभाविकच आहे. घरात स्वयंपाक कोणी केला ते कोणी विचारत नाही, वाढणाऱ्याचं कौतुक होतं. हे वाक्य फूटीबद्दल आहे की आणखी कशाबद्दल, ते मी खोदून विचारत नाही.

हे सगळं मी रविवारी सकाळी पोहे खाताखाता वहीत उतरवतो, आणि नेमका तेव्हाच सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल येतो. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला असतो. एकदा असाच मी मोठ्यानं वाचत होतो, “बॉन्टला तीन, लिबाला दोन, इंग्लिशला एक.” बॉन्ट म्हणजे आमचा कप्तान मार्कस बॉन्टेम्पेली, लिबा म्हणजे वर सांगितलेला लिबरटोरे, आणि टिम इंग्लिश हा आमचा दोन मीटरहून उंच रकमन, म्हणजे खेळ सुरू होताना चेंडूसाठी उंच झेपावणारा गडी.

“इंग्लिशला एक?” आई दचकली. “कितीपैकी?”

“तीनपैकी.”

“आणि पोरगी जन्मली तिथे, वाढली तिथे!”

मुलगी शेजारीच बसली होती. तिला शिकवणी लावण्यावरून आईचं आणि माझं बराच वेळ चाललं. इंग्लिश हे माणसाचं आडनाव असतं, हे आईला आजही पटलेलं नाही. सामना जिंकलो असं कुठून कळलं, की ती आधी “या वेळी इंग्लिशला किती?” असं विचारते, आणि त्यानं तीन मतं मिळवली तर नातीला पैसे पाठवते. त्यामुळे मुलगी प्रत्येक सामन्यात इंग्लिशला तीन देते. तिच्या मतात काही काळंबेरं आहे, असं मित्रानं आकडे मांडून सिद्धही केलं. मी खजिनदार या नात्यानं दुर्लक्ष केलं.

मोठ्या विजयानंतरचा पेच निराळाच. चुरशीचा सामना असेल तर निदान शेवटचा गोल मारणारा समोर असतो. पण सगळेच चांगले खेळले, की सहा मतांत नऊ-दहा माणसं बसवायची कशी? मग सुरू होतं ते माफीनाम्याचं सत्र. तीन नावं लिहून झाली, की खाली ‘अमुक थोडक्यात हुकला’, ‘तमुकवर अन्याय होतोय’, ‘ढमुकलाही द्यायला हवं होतं’ अशा ओळी. सुतारानं एकदा अर्धं मत द्यायचा प्रयत्न केला. सिस्टर एकाच मताच्या दोन वारसदारांची नावं लिहून ‘विभागून’ म्हणतात. मी नियम दाखवला तर त्यांनी मला २००३ दाखवलं. त्या वर्षी ब्राउनलो खरोखरच तिघांत विभागून गेलं होतं: मार्क रिचूटो, नेथन बकली आणि अ‍ॅडम गुड्स. पण तिथे वर्षभराच्या बेरजा सारख्या आल्या होत्या, मतं फाडलेली नव्हती, हे मी सांगत राहिलो. सिस्टर केव्हाच १९९७ वर पोचल्या होत्या.

१९९७ हे बुलडॉग्जच्या माणसासमोर काढू नये. त्या वर्षी आमच्या ख्रिस ग्रँटला सर्वांत जास्त, सत्तावीस मतं पडली. पण त्या मोसमात त्याच्यावर एका सामन्याची बंदी आली होती. पदक केवळ उत्तम खेळाडूला नाही, उत्तम आणि सभ्य खेळाडूला मिळतं, त्यामुळे तो अपात्र ठरला. सव्वीस मतांवर सेंट किल्डाचा रॉबर्ट हार्वी पदक घेऊन गेला. हार्वीबद्दल सिस्टर अवाक्षर वाईट बोलत नाहीत. फक्त चहात साखर जरा जोरात ढवळतात.

आणि मग २०१६. मोसमात सातव्या क्रमांकावर राहिलेला संघ एकेक सामना काढत अंतिम फेरीत पोचला. सामना १ ऑक्टोबरला, नेमका घटस्थापनेच्या दिवशी. घरात घट बसलेला, दिवा लावलेला, आणि समोर टीव्हीवर एमसीजी खच्चून भरलेलं. गल्ली आमच्याच दिवाणखान्यात. बायको एक डोळा दिव्यावर आणि एक सिडनीच्या लान्स फ्रँकलिनवर ठेवून होती. शेवटच्या सत्रात डेल मॉरिसनं त्या फ्रँकलिनला मागून येऊन धरलं, चेंडू सुटला, तो टॉम बॉइडनं उचलला आणि लांबूनच, फार लांबूनच, लाथ मारली. चेंडू पडला, उसळला आणि खांबांमधून आत गेला. सुतारानं माझ्या पाठीत घातलेली थाप मी नवरात्रभर शेकत होतो. एकोणनव्वद-सदुसष्ट. १९५४ नंतर थेट बासष्ट वर्षांनी अजिंक्यपद.

त्या रात्रीच्या मतांनी मला जितकं छळलं तितकं कुठल्याच मतांनी छळलं नाही. सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक जेसन जोहॅनिसनला मिळालं, तेव्हा आकडेवाला मित्र खूश. सुतार म्हणाला, बॉइडला तीन, चर्चा नको. बायको म्हणाली, मॉरिसनं धरलाच नसता तर बॉइडनं काय उचललं असतं, बूट? (मॉरिस पाठीचं हाड मोडलेलं असताना खेळला, हे पुढे बाहेर आलं तेव्हा ती आठवडाभर माझ्याकडे नुसती बघत होती.) मध्यरात्रीपर्यंत ठराव असा आला, की बावीसच्या बावीस जणांना तीन-तीन द्यावीत. म्हणजे सहासष्ट. मी म्हटलं, वहीला रकाने आहेत, काही मर्यादा आहे.

सिस्टर एवढा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “माझी तीन बॉब मर्फीला.”

बॉब मर्फी हा आमचा तेव्हाचा खरा कप्तान. तिसऱ्याच फेरीत गुडघा गेला आणि वर्षभर तो बाहेर बसला. अंतिम सामन्यात तो खेळलाच नाही. प्रशिक्षक लूक बेव्हरिजनी मात्र पदकं वाटताना त्याला मंचावर बोलावून घेतलं आणि स्वतःच्या गळ्यातलं पदक काढून त्याच्या गळ्यात घातलं.

मी समजावलं. मत मैदानात उतरलेल्यालाच देता येतं, नियम तुम्हीच केलाय, वहीच्या पहिल्या पानावर तुमचीच सही आहे. आकडेवाल्यानं पुस्ती जोडली, की मर्फीनं त्या दिवशी चेंडूला स्पर्शही केलेला नाही.

“बाद करा मग,” सिस्टर म्हणाल्या. “माझ्यादेखत करा.”

आता वही गेली, सगळं लॅपटॉपवरच्या तक्त्यात आलंय आणि तो मुलगी सांभाळते. मागच्या मोसमात जुनी पानं तक्त्यात चढवताना ती म्हणाली, “बाबा, २०१६ च्या फायनलमध्ये एक चूक आहे. न खेळलेल्या माणसाला तीन मतं आहेत. काढून टाकू?”

म्हटलं, खुशाल काढ, पण आधी कोपऱ्यावरच्या घरी जाऊन विचारून ये. तासाभरानं परत आली ती हातात केकचा डबा घेऊन. ते तीन तसेच आहेत, आणि समोरच्या रकान्यात तिनं इंग्लिशला आणखी एक चढवून ठेवलाय.